हिरव्याखालचं पांढरं

फोन वाजला तेव्हा मी दादाच्या पायांची नखं कापत होते. तो खुर्चीत, मी समोर स्टुलावर, माझ्या मांडीवर जुना टॉवेल आणि टॉवेलवर त्याचा उजवा पाय. तीन वर्षांपासून त्याला वाकता येत नाही. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी हे काम माझ्याकडे आलं आहे. नखं कसली, खवलेच ते. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवल्याशिवाय कात्री चालत नाही. त्याला फोन ऐकू येत नाही, पण मी मान वळवली की त्याला कळतं. त्यानं पाय आपणहून खाली घेतला आणि टॉवेलवरची नखं सांडू नयेत म्हणून तो हातात धरून ठेवला. फोनवर संग्रहालयातली मुलगी होती. मी तिला कधी पाहिलेलं नाही. गेल्या वर्षी लागली म्हणाली, दगडांचं सगळं दालन आता तिच्याकडे आहे. आधी तिनं विचारलं, तुम्हीच ना लेबलबाई? मला निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी तिथल्या जुन्या शिपायाच्या तोंडी अजून तेच नाव आहे. मी हो म्हटलं. मग तिनं सांगितलं की दालन नव्या इमारतीत हलवायचं आहे, त्याआधी एकेक दगड तपासणं चालू आहे, आणि पहिल्या कपाटातल्या मधल्या खणातला चारशे बारा नंबर मला आठवतो का. मी म्हटलं, हिरवा. तोच, म्हणाली. परवा अंधार करून त्याच्यावर जांभळा दिवा टाकला, त्यात डिंक चमकतो. मग म्हणाली, "बाई, तो चिकटवलेला आहे."

मी खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी वाळत घातली होती. मुलगी हळू, नीट बोलत होती, डॉक्टर बोलतात तसं. तुमच्याकडे कुणी बोट दाखवत नाही म्हणाली. वहीत देणाऱ्याच्या रकान्यात जे नाव आहे, त्याचं आडनाव तुमचंच आहे, ते तुमचे कोण? भाऊ, म्हटलं, थोरला. नियम असा होता: एखाद्यानं दिलेला एक नमुना बनावट निघाला की त्यानं दिलेले सगळेच नमुने कपाटातून काढायचे. काही तपासता येतात, बरेचसे येत नाहीत, कारण दगड कुठल्या भोकातून निघाला हे शेवटी देणाऱ्याच्या शब्दावरच असतं. त्यांच्यावर 'देणारा अविश्वसनीय' अशी चिठ्ठी लावून ते तळघरात जातात. दादाचे एकतीस होते. शुक्रवारी समितीची बैठक आहे, त्याआधी काही आठवलं तर सांगा, म्हणाली. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. डावा पाय राहिला होता. मी परत बसले आणि डाव्या पायाची पाचही नखं कापली. करंगळीचं नेहमी आत वळतं, तेही नीट काढलं. दादानं विचारलं, कोण होतं. मी तोंड त्याच्याकडे करून ओठ नीट हलवत म्हटलं, संग्रहालय, दगड हलवताहेत. तो म्हणाला, हलवताना सांभाळा म्हणावं.

मला वाटलं होतं की असं काही झालं तर मला घाम फुटेल. पन्नास वर्षं मी या फोनची वाट बघितली, निदान पहिली दहा वर्षं तरी रोज. दालनात कुणी भिंग घेऊन वाकलं की मी लेबल अर्धं सोडून त्याच्या मागे जाऊन उभी राहायची. पुढे ते आपोआप थांबलं, कधी ते कळलंही नाही, पाठीतली उसण एखाद्या सकाळी नसते तसं. त्या दिवशी मी चहा केला, दुपारी झोपले. झोपही लागली.

दादा खाणीत सुरुंग लावायचा. कातळाला ड्रिलनं भोक पाडायचं, दारू ठासायची, वात लावायची, लांब पळायचं. काळा कातळ, सगळा खडीसाठी. पण त्या कातळाच्या पोटात पोकळ्या असतात. संग्रहालयाचे प्रमुख, आमचे सर, सांगायचे की हा दगड एके काळी वितळलेला, उकळता होता, त्यात वाफेचे बुडबुडे अडकून राहिले. नंतर लाखो वर्षं गरम पाणी झिरपत राहिलं आणि प्रत्येक बुडबुड्यात आतून स्फटिक उगवले. पांढरे, गुलाबी, मधाच्या रंगाचे, पिसांसारखे, सुयांसारखे आणि अगदी क्वचित हिरवे. खडी पाडणाऱ्यांना त्यांचं काय? एका सुरुंगात बुडबुडा आणि कातळ दोन्हींची सारखीच खडी होते. पण दादाला आवाज कळायचा. ड्रिल पोकळीच्या जवळ आलं की त्याचा सूर बदलतो, जरा मोकळा होतो, असं तो सांगायचा. मी एकदा कान देऊन ऐकलं होतं, मला काहीच वेगळं वाटलं नाही. सूर बदलला की तो ड्रिल बंद करायचा, छिन्नी घ्यायचा. मुकादम शिव्या द्यायचा, याला बाजूला बसून नक्षीकाम करू द्या आणि याचं काम तुम्ही करा, म्हणून बाकीच्यांना डिवचायचा. दादा ऐकून घ्यायचा. जेवणाच्या सुट्टीत, रविवारी, बोनसच्या दिवशीसुद्धा तो तिथे पालथा पडून हात आत घालून बसलेला असायचा. एकतीस दगड त्यानं असे कानानं शोधले, आणि त्याच कामात त्याचे कान गेले. आधी उंच आवाज गेले, मग बायकांचे, मग सगळेच. वहिनी म्हणायची, यांना दगड काय म्हणतो ते ऐकू येतं, बायको काय म्हणते ते नाही. तेव्हा त्याला निम्मं ऐकू यायचं, आणि हे नेमकं यायचं, तो हसायचा.

माझी नोकरी त्याच्यामुळेच लागली. सरांना दगड नेऊन द्यायला तो जायचा, तिथे त्यानं विचारलं की माझ्या बहिणीचं अक्षर चांगलं आहे, काही काम आहे का. कामं दोन होती: दगड धुणं आणि लेबलं लिहिणं. खाणीतून आलेल्या दगडावर पांढरट राप बसलेला असतो, चुन्याचा. तो काढायला पातळ ॲसिडचं घमेलं ठेवलेलं असे. दगड आत सोडायचा, बुडबुडे यायचे, फसफस थांबली की बाहेर काढून तीन पाण्यांतून काढायचा आणि दात घासायच्या ब्रशनं फटी साफ करायच्या. हातमोजे होते, पण मोज्यांनी बारीक काम होत नाही, म्हणून मी ते खुंटीला टांगून ठेवायची. खोलीला मागच्या बाजूला एकच झरोका होता. ॲसिडचा वास केसांत बसायचा. घरी गेल्यावर वहिनी म्हणायची, आली लिंबाची फोड. लेबलं मी काळ्या शाईनं, जाड निबानं लिहायची. सर माझ्या लेबलांवर फार खूश. दगड पाहुण्यांना कळो न कळो, लेबल कळतं, म्हणायचे.

चारशे बारा आला त्या वर्षी दालनाचं उद्घाटन होतं. दादाला तो आठ दिवस आधी लागला होता. खाणीच्या खालच्या बाकात, म्हणजे कातळाच्या खालच्या पायरीत, माणूस आत बसेल एवढी पोकळी. त्यानं आत कंदील सरकवला आणि मग, तो सांगतो, बराच वेळ आत बघितलंच नाही, छाती धडधडत होती म्हणून. आत पांढऱ्या स्फटिकांचा एक गेंद होता आणि त्या पांढऱ्यात अर्धे बुडालेले, अर्धे वर आलेले हिरवे चौकोनी खांब, बोटाच्या पेरांएवढे. पाण्यात उभे राहिल्यासारखे. मालकाच्या पाया पडून त्यानं त्या बाकातला सुरुंग दोन दिवस थांबवला. दोन दिवसांची मजुरी सोडली. छिन्नीनं कातळासकट गेंद काढला, लग्नातल्या रजईत गुंडाळला आणि सायकलवर पुढे बांधून, स्वतः पायी चालत, आठ मैल आणला. शनिवारी दुपारी त्यानं तो माझ्या टेबलावर ठेवला. रजईला चिखल लागला होता. वरून दगडावरही गाळ आणि पांढरी पुटं. तो म्हणाला, धुवून घे, बघ कसा निघतो. उद्घाटन सोमवारी होतं. खाणीतल्या बारा जणांना त्यानं बोलावलं होतं, मुकादमालासुद्धा.

मी तो घमेल्यात सोडला. रोज सोडायचे तसा. फसफस सुरू झाली आणि मी लेबल लिहायला शेजारच्या खोलीत गेले. 'अपोफिलाइट, हिरवा' असं लिहिलं, खाली खाणीचं नाव, त्याखाली दादाचं. दादाचं नाव मी तीनदा लिहिलं, कारण पहिल्या दोन्ही वेळा मला ते पुरेसं सुंदर वाटलं नाही. तिसऱ्याला एकेक वेलांटी अशी आली की मी शाई वाळेपर्यंत तिच्याकडे बघत बसले. परत आले तेव्हा फसफस चालूच होती. राप एवढा वेळ फसफसत नाही. मला कळायला हवं होतं, नवशिक्यालाही कळतं. हिरव्याखालचं पांढरं राप नव्हतं. तेही स्फटिकच होतं, पण चुन्याच्या जातीचं, ॲसिडात साखरेसारखं विरघळणारं. आणि हिरवे खांब सगळे त्याच्यावरच उभे होते. मी चिमट्यानं दगड बाहेर काढला. काळ्या कातळाचा एक ओबडधोबड तुकडा बाहेर आला, त्यावर काहीच नाही. हिरवे घमेल्याच्या तळाशी आडवे पडले होते. मी हातानेच एकेक उचलले. अकरा होते. पाण्यातून काढले, फडक्यावर ओळीनं मांडले. कडा किंचित मंद झाल्या होत्या, बाकी तसेच. मी रडले नाही. झरोक्यातून उजेड येत होता आणि मला फक्त एवढंच सुचत होतं की सोमवारी बारा माणसं येणार आहेत.

रविवारी संग्रहालय बंद असे, किल्ली माझ्याकडे. दोन नळ्यांतलं मिसळून लावायचं डिंकासारखं औषध तेव्हा नवीनच आलं होतं, सर फुटक्या नमुन्यांच्या पेट्यांना वापरायचे. दादाचा कातळ ॲसिडानं खडबडीत, पिवळा पडला होता, त्यावर काही बसेना. मी कोठारातून दुसरा काळा दगड घेतला, त्याच्यावर बारीक पांढऱ्या स्फटिकांची साय होती, तिच्यावर एकेक खांब उभा केला. दुपारी सुरू केलं, चार वाजता झालं. एवढी देखणी वस्तू मी आयुष्यात दुसरी केली नाही. सोमवारी सर त्याच्यासमोर उभे राहून बोलले. बारा जण धुतलेले शर्ट घालून आले होते. मुकादमानं दादाच्या पाठीवर थाप मारली. दादा काचेला नाक लागेल इतका वाकून बघत होता, खूप वेळ, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, छान दिसतोय. पुढे दर वर्षी एकदा तो यायचा, काचेसमोर उभा राहायचा, पाच मिनिटं, दहा मिनिटं. निवृत्त झाल्यावरही यायचा. मला वाटायचं, बरं झालं, निदान त्याला एवढं तरी आहे.

फोन आला त्या संध्याकाळी मी त्याच्यासमोर जाऊन बसले. दिवे लागायची वेळ होती. ओठ वाचायला उजेड लागतो म्हणून मी दिवा माझ्या तोंडावर पडेल असा सरकवला. कसं सुरू करायचं ते ठरवलं नव्हतं. दादा, चारशे बारा, एवढंच म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

मी विचारलं, काय माहीत आहे.

"तो दगड आपल्या खाणीचा नाही. आपला कातळ घट्ट होता, हा भोकाभोकांचा. आणि पांढरं कुठे गेलं?"

कधी कळलं, असं मी विचारलं तेव्हा माझा आवाज निघाला की नुसते ओठ हलले, कोण जाणे. त्याला दोन्ही सारखंच. तो म्हणाला, उद्घाटनालाच. सर भाषण करत होते, मी दगड बघत होतो. मग मांडीवरचा पेपर घडी घालून बाजूला ठेवत म्हणाला, तुझी नोकरी नवी होती, चिमे. मी त्याला नियम सांगितला, एकतीस दगडांचा, शुक्रवारचा. तो सगळं बघत राहिला, माझ्या ओठांकडे. "माझ्यावर घाल," म्हणाला. "मला कोणी काही बोललं तरी ऐकू कुठे येणार आहे?" आणि स्वतःच्याच विनोदावर खूप वेळ हसला. नंतर भाजी निवडायला घेतली.

मला तेव्हा काहीतरी व्हायला हवं होतं. इतकी वर्षं हा माणूस दर वर्षी बस पकडून येत होता आणि माझ्या खोट्यासमोर उभा राहत होता, ते कशासाठी? तो त्यात काय बघत होता, तो कंदील, तो गेंद, की काचेत दिसणारी मी, मागे लेबलांच्या टेबलाशी बसलेली? मी त्याला विचारलं नाही. पुढचे दोन दिवस मी घरातली कामं केली. गादीची खोळ बदलली, वहिनीच्या कपाटातलं नॅप्थलीन बदललं. हात चालत होते. आत जिथे काही असायला हवं, तिथे बोट लावून बघावं तर भूल दिलेल्या हिरडीसारखं. स्पर्श आहे, आणि आपला नाही. बुधवारी सकाळी दादा दाढीची पाती आणतो म्हणून बाहेर पडला आणि दुपारी आला. मी म्हटलं, पाती? तो म्हणाला, दुकान बंद होतं.

गुरुवारी मी गेले. जुन्या दालनातली कपाटं निम्मी रिकामी होती, काचांवर नंबरांच्या चिकटपट्ट्या. मुलगी माझ्या कल्पनेपेक्षा लहान निघाली, चष्मा डोक्यावर, नखांना माती. तिनं खुर्ची दिली. मी बसायच्या आतच सांगितलं: चारशे बारा मी चिकटवला, ॲसिडात मी घालवला, भावानं खरा दगड आणून दिला होता. तयारी केली होती म्हणून एका दमात झालं. मुलीनं काही लिहून घेतलं नाही. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं मी आजारी माणसाकडे बघते. मग तिनं खणातून एक कागद काढला. दादाचं अक्षर, मोठं, प्रत्येक ओळ खाली उतरत जाणारी. काल तो स्वतः येऊन देऊन गेला होता. चारशे बारा नंबरचा दगड मी घरी चिकटवून तुमच्या सरांना दिला. माझ्या बहिणीला यातलं काही माहीत नव्हतं. बाकीचे तीस खरे आहेत.

"आता बाकीचे तीस ठेवताच येत नाहीत," मुलगी म्हणाली. "त्यांनी स्वतः लिहून दिलं म्हटल्यावर." आणि मग अगदी मायेनं, "बाई, तुम्ही त्यांना वाचवायला आलात हे मला समजतंय."

तर त्यानं स्वतःच्या हातानं ते तीस तळघरात पाठवले होते, आणि त्याला ते माहीत नव्हतं. किंवा होतं. मी त्याला नियम नीट सांगितला होता, तोंडावर दिवा घेऊन. मी मुलीला म्हटलं, तो जांभळा दिवा लाव. ती म्हणाली, कशाला त्रास करून घेता. मी म्हटलं, लाव.

मागची खोली तीच, ॲसिडची. झरोक्याला आता काळा कागद लावला होता. तिनं दगड आणून टेबलावर ठेवला, बटण बंद केलं, जांभळा दिवा लावला, आणि अंधारात हळूहळू तो दिसायला लागला. हिरवे नाही, ते काळेच राहिले. पण प्रत्येकाच्या पायाशी निळसर पांढरा उजेड साचला होता, चिखलात पाऊल उमटावं तसा. माझं काम मी असं कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, मधला खांब, मागच्या बाजूनं बघ, तो पडत होता, मी दाबून धरला होता. तिनं दगड फिरवला. तिथे डिंकात अंगठ्याचा ठसा होता. तिला तो आधीच दिसला होता, म्हणाली, पण ठसा कोणाचा ते कसं सांगणार? तिच्याकडे शाईची उशी होती. तिनं खोलीतला दिवा लावला, मी उजवा अंगठा टेकवला आणि कागदावर दाबला. काळा गोल उमटला, कोरा. त्यात एकही रेष नव्हती. मुलीनं दुसऱ्यांदा दाबायला सांगितलं. तसाच. बँकेतही मशीन माझं बोट कधी ओळखत नाही, मी तिला सांगितलं. चौतीस वर्षं हात ॲसिडात होते.

ती कागदाकडे बघत होती. मग तिनं तो उचलून जांभळ्या दिव्याखाली धरला आणि पुन्हा बटण बंद केलं. कागदावरच्या काळ्या गोलात एक बारीक तिरकी चीर पांढरी राहिली होती, डावीकडून खाली गेलेली. पत्र्याच्या डब्यानं लहानपणी कापलं होतं ते. डिंकातल्या ठशातही रेषा तिथेच, तशाच तिरक्या तुटल्या होत्या. ती एकदा कागद बघायची, एकदा दगड. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त श्वास बदलला ते कळलं.

"मग त्यांनी असं का लिहून दिलं?"

दादाचा कागद तिनं चार घड्या करून माझ्या हातात दिला. उद्या समितीपुढे मी मांडते, म्हणाली, तुम्हाला सही करून लिहून द्यावं लागेल, तुमच्या हातचे बाकीचे नमुनेही मग आम्हाला तपासावे लागतील, चौतीस वर्षांचे. तेवढं होईलच. मी म्हटलं, होऊ दे. भावाचे तीस राहतील का? राहतील, म्हणाली, जिथे आहेत तिथेच. आणि हिरव्यांचं असं करता येईल की ते उतरवून वेगळे ठेवायचे, सुटे स्फटिक म्हणून, त्याच खाणीचे, त्याच माणसाचे. तो डिंक विरघळवायचं औषध आता मिळतं. दोन दिवस बुडवून ठेवलं की सगळं निघून जातं, दगडाला काही होत नाही. तुमची हरकत नाही ना, असं तिनं विचारलं.

मी वाकून डिंकातला ठसा बघत होते. आतल्या बाजूनं सुरू होऊन बाहेर वळत गेलेल्या रेषा, एकमेकींना न शिवता, किती बारीक. सव्वीस वर्षांच्या मुलीचा अंगठा. तिला तेव्हा घाई होती, चार वाजायच्या आत संपवायचं होतं. ती घाईसुद्धा दिसत होती, एका कडेला रेषा जरा ओढल्या गेल्या होत्या.

नाही, म्हटलं, हरकत नाही. मुलगी दिवा लावायला भिंतीकडे गेली. मी तिला म्हटलं, जरा थांब.